जाईबाईची वेणी आणि चिंचोक्याची खळ

"दिला शब्द आन् घातली येणी अर्ध्यात सोडू न्हाई."

जाईबाई हे दिवसातून एकदा तरी म्हणायचीच. भाकरी उलटताना म्हणायची, कळपातून फुटलेल्या मेंढीमागं धावताना म्हणायची, नवऱ्याशी भांडताना तर दोनदा म्हणायची. वाडीत कुणी काम अर्धं टाकून उठलं की बाकीचे तिच्या आवाजात त्याला हेच ऐकवत, आणि तो मुकाट्यानं परत बसे.

येरमाळ्याला एस्टीतून उतरून पायवाटेनं माळ चढून आलं की आमची वाडी लागते. घरं थोडी, मेंढरं फार. घोंगडी विणणं हा आमचा पिढीजात धंदा. आमच्या घोंगडीतून पावसाचं पाणी आत येत नाही. हे आम्ही सांगत नाही, घोंगडी पांघरून पावसात उभा राहिलेला माणूस सांगतो.

जाईबाई तामलवाडीची लेक. कोंडिबाची बायको होऊन ती इथं आली तेव्हा तिच्या आधी तिची वेणी वाडीला माहीत झाली. बैलगाडीतून उतरताना तिनं डोक्यावरचा पदर सावरला, आणि पदराखालून काळी, जाड, कमरेखाली रुळणारी वेणी बाहेर आली. तिची सासू धुरपताबाई ओवाळणीचं ताट हातात घेऊन उभी होती. ती ओवाळायचं विसरली आणि म्हणाली, "अगं बया! एवढ्या लोकरीत तर एक घोंगडं निघंल!"

त्या वर्षीच्या नागपंचमीला चिंचेखालच्या फेरात जाईबाई फुगडीला उभी राहिली. हात हातात गुंफून दोघी गरगर फिरायला लागल्या की तिची वेणी पाठीवरून उचलली जायची आणि वाऱ्यावर आडवी व्हायची. बाकीच्या बाया दोन पावलं मागं सरायच्या. तिच्या जोडीला टिकणारी एकच होती, तिची चुलत जाऊ पुतळाबाई. दोघी एकमेकींना हसत शिव्या द्यायच्या, आणि पंचमी जवळ आली की दोघींनाही दुसरं काही सुचायचं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ उघडे पडले, मेंढरं मिळेल त्या चाऱ्याच्या शोधात लांब निघून गेली, माग बंद पडले. सगळी वाडी खडी फोडायला सरकारी कामावर. दिवसभर हातोडा, आणि पोराबाळांच्या पोटाला वाटपाची सुकडी. त्या कामावरच जाईबाईला मुदतीचा ताप आला. तापातून ती उठली खरी, पण केस उठले नाहीत. फणी लावली की मूठभर केस फणीत यायचे. उरलेल्यांची जट झाली, आणि धुवायला पाणी कुठलं? बाईमाणसाच्या डोक्याला न्हावी हात लावत नसे. शेवटी धुरपताबाईनं मेंढरं कातरायची कातर काढली, सुनेला उंबऱ्यावर बसवलं आणि डोळे पुसत पुसत तिचं डोकं मोकळं केलं.

त्या पंचमीला जाईबाई तशीच फेरात गेली. डोक्यावर पदर घट्ट धरून गेली. पुतळाबाईच्या मनात वाईट नव्हतं, पण तिची जीभ मनाच्या पुढं धावणारी. ती म्हणाली, "आली गं बाई, कातरलेली मेंढी आली!"

फेर हसला. जाईबाई पण हसली, आणि मग तिचं हसू थांबलं.

"पुतळे," ती म्हणाली, "ही येणी परत कमरंला टेकंल, तवाच तुझ्यासंगं फुगडी घालीन. तवर ह्या फेरात माझा पाय पडनार न्हाई."

सगळ्यांना वाटलं, रागाच्या भरात बोलली, उद्या विसरेल. पण ती जाईबाई होती. त्यानंतर दर पंचमीला चिंचेखालची गाणी तिच्या घरापर्यंत ऐकू यायची आणि ती दाराआड चात्यावर लोकर कातत बसायची. गाणं रंगात आलं की तिचा पाय आपोआप जमिनीवर ताल धरायचा. तिच्या ते ध्यानात आलं की ती पाय मांडीखाली दाबून धरायची.

दुष्काळ सरल्यावर आमच्याकडं घोंगडी विणकरांची सोसायटी झाली. महालिंगप्पा चेअरमन झाले. लोकर एकत्र घ्यायची, घोंगड्या एकत्र विकायच्या, आणि एका मोठ्या पत्र्याखाली सगळ्यांचे माग. तिथं ताण्याला खळ लावायचं काम जाईबाईकडं आलं. चिंचोके भाजून, फोडून, दळून त्यांची खळ शिजवायची. लोकरीचे उभे धागे, म्हणजे ताणा, अंगणात दोन खुंट्यांना ताणून बांधायचा. मग मोठ्या कुंच्यानं त्याला खळ पाजायची. लोकर मोठी अवखळ, तिचे तंतू इकडंतिकडं उभे राहतात. खळ बसली की सगळे तंतू शहाण्या पोरांसारखे एका ओळीत पडून राहतात. जाईबाईचा कुंचा फिरताना बघायला उन्हात माणसं थांबायची.

आणि इकडं तिचे केस वाढत होते. पण सरळ वाढतील तर ते केस कसले! तापानंतर जे आधी उगवले ते लांब झाले. मग एक बाळंतपण झालं, त्यात निम्मे पुन्हा झडले आणि नव्यानं फुटले. ते पाठीच्या मध्यावर आले होते. कपाळाजवळचे तर आणखी उशिरा आले, ते खांद्यावरच होते. असे तीन पायऱ्यांचे केस. वेणी घातली की वर मनगटाएवढी जाड, खांद्याखाली आली की इकडून तिकडून टोकं बाहेर, पाठीच्या मध्यावर आणखी टोकं बाहेर, आणि शेवटी कमरेला टेकायची ती चार केसांची सुतळी.

पण टेकायची! आणीबाणीच्या काळातली ती पंचमी होती. पंचमीच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरताना, जाईबाईनं वेणी मागं सोडली, हात मागं नेऊन टोक चाचपलं, आणि ते लुगड्याच्या गाठीला लागलं. ती घरातून ओरडतच बाहेर आली. "आत्याबाई! टेकली! टेकली बघा!"

ओट्यावर सासू होती आणि मदिनाबी होती. मदिनाबी कळंबची बांगडीवाली. पंचमीच्या आदल्या दिवशी ती डोक्यावर पाटी घेऊन आमच्या वाडीत यायची, सगळ्या बायांना बांगड्या भरायची, धुरपताबाईकडं मुक्काम करायची आणि दुसऱ्या दिवशी फेराच्या कडेला बसून पुरणाची दिंडं खायची. दोघी म्हाताऱ्यांचं मैत्र असं, की एकमेकींना नावं ठेवल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नसे.

धुरपताबाईनं वेणीचं टोक दोन बोटांत धरलं. "टेकली खरी. पर ही येणी न्हवं, उंदराचं शेपूट हाय. पुतळी हे बघून गप बसंल व्हय?"

जाईबाईचा चेहरा उतरला. तेच तर भय होतं. शब्द पाळायचा तर टोकं राखायला हवीत, आणि टोकं राखली तर सगळ्या फेरासमोर पुन्हा हसं.

"म्या काय सांगते, कापू," धुरपताबाई उठून आत गेली आणि कातर घेऊन आली. "मधल्या पायरीवर कातर लावते. खालची टोकं समदी एका रेघंत. येणी वरपासनं खालपतूर सारखी जाड."

"आन् कमरंला लागंल का?"

"कशानं लागंल? पाठीच्या मध्यापतूर येईल."

"मंग शब्द?"

"अगं धुरपते, हात आवर!" मदिनाबी म्हणाली. "लेकीचे केस हायेत, तुझी मेंढी न्हाई. पायऱ्यांचे केस कसे, अल्लानं दिले तसे. मोकळे सोडले तर बघ कसे पडतात, वढ्यातल्या पान्यावानी. खाली हलके, वर भारी. सरळ कापले की झाला खराटा."

"मोकळे कोन सोडतंय? मोकळ्या केसानं नाचायला हिच्या अंगात आलंय व्हय?"

"मेंढरं कातरून कातरून तुला समद्या डोक्यात लोकरच दिसती!"

"आन् तुला मानूस दिसलं की मनगट दिसतं. कातरल्याबिगर लोकर दाट येत न्हाई, हे मला तरी ठावं हाय. जाये, लवकर सांग. दिवस बुडला की कातर ठेवून देनार. उद्या पंचमी. उद्या चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई, तवा ठिवायचा न्हाई."

जाईबाईनं वेणी पुढं घेतली. एकदा सासूच्या कातरीकडं बघितलं, एकदा मदिनाबीकडं बघितलं, एकदा सूर्याकडं बघितलं. सूर्य माळाच्या कडेला लागला होता. "आत्याबाई, ही टोकं तापातनं उठल्यावरची हायेत," ती म्हणाली. "माझं दुसरं जावळच हे. आन् कातरली न्हाई तर ती पुतळी..." ती उठली, बसली, पुन्हा उठली. तिची नजर समोर सोसायटीच्या अंगणात गेली. तिथं सकाळीच खळ लावलेला ताणा वाळत होता. सगळे तंतू एका ओळीत, एकही बाहेर नाही.

"खळ!" ती ओरडली.

"काय गं?"

"खळ लावू! टोकं येणीत आत दुमडायची, वरनं पातळ खळ. कापायला नको, काय नको! लोकर बसती तर केस का बसनार न्हाईत?"

दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडं बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच दोघींना एकच म्हणणं पटलं होतं. मग काय विचारता! मदिनाबीनं बांगड्यांची पाटी बाजूला सारली. सोसायटीच्या मडक्यात सकाळची खळ उरलीच होती, जाईबाई पळत जाऊन मडकंच घेऊन आली. धुरपताबाईनं वेणी घट्ट घातली, मदिनाबीनं एकेक टोक आत दडपलं, आणि जाईबाईनं स्वतः मान वाकडी करून, वेणी पुढं ओढून, तिच्यावर कुंचा फिरवला. कोंडिबा मेंढरं घेऊन आला तेव्हा त्याच्या बायकोला दोन म्हाताऱ्या सुपानं वारा घालत होत्या.

"हे काय चाललंय?" तो म्हणाला. "उद्या मागावर घालनार हाय का तिला?"

"तुमी गप बसा! दिला शब्द आन्..."

"घातली येणी, ठावं हाय." कोंडिबा मेंढरांकडं निघून गेला.

वेणी वाळली. काय वेणी ती! वरपासून खालपर्यंत सारखी जाड, काळीभोर, तेल पाजलेल्या काठीसारखी, आणि टोक बरोबर लुगड्याच्या गाठीवर. जाईबाई आरशात बघून नाचायचीच बाकी होती.

पण लोकर ती लोकर आणि केस ते केस. सकाळी तिला जाग आली ती मागून कुणीतरी वेणी ओढत होतं म्हणून. खळीच्या वासानं रात्री बांधलेलं कोकरू दावं सोडवून आलं होतं आणि वेणीचं टोक तोंडात धरून मजेत चघळत होतं.

"मेलं! माझी कंबर खाल्ली!" जाईबाईनं अशी किंकाळी फोडली की शेजारच्या घरातलं दूध उतू गेलं. धुरपताबाईनं कोकराच्या तोंडातून टोक सोडवलं, निरखून बघितलं. टोक ओलं होतं, पण सगळं शाबूत होतं. तेवढ्यात जाईबाई मान वळवायला गेली तर मान वळेना. खळ रात्रीतून पुरती कडक झाली होती. वेणी पाठीला फळीसारखी उभी. वाकावं तर वेणी वाकत नाही, भिंतीला टेकून बसावं तर वेणी डोकं पुढं ढकलते.

"धुऊन टाकते," ती रडकुंडीला आली आणि तिनं तांब्यातलं पाणी ओतलं. जिथं पाणी पडलं तिथं डिंक झाला.

"थांब, थांब!" धुरपताबाई ओरडली. "आता फणी घातली तर केसासकट निघंल. दोन घागरी गरम पानी आन् अर्धा दिवस लागंल ह्याला."

आणि त्याच वेळी चिंचेखालून पहिलं गाणं सुरू झालं. मग दारात पुतळाबाई. नवं लुगडं, हातभर बांगड्या, डोळ्यांत मिश्कील चमक.

"काय गं जाये, मदिनामावशीनं वाडीभर सांगितलंय. टेकली म्हनं येणी?"

मदिनाबी खांबाआड सरकली.

जाईबाईनं डोळे पुसले आणि मान ताठ केली. तशी ती वाकवताही येत नव्हती. "टेकली," ती म्हणाली. "चल."

चिंचेखाली सगळी वाडी होती. जाईबाई आली तसे बायांनी हात वर करून तिला हाका मारल्या. किती पंचम्यांनंतर ती या सावलीत उभी होती! पुतळाबाई तिच्याभोवती एक फेरी मारून आली. मग तिनं बोटानं वेणीवर टिचकी मारली. टक् असा आवाज आला.

"बाई गं! ही येणी हाय का मुसळ?"

फेर लोटपोट हसला. पुतळाबाईनं तिथल्या तिथं गाणं जुळवलं.

"फुगडी घालू आनीबानी,
जाईची येणी मुसळावानी!"

जाईबाईचे गाल लाल झाले. पण ती मागं फिरली नाही. तिनं दोन्ही हात पुढं केले.

"फुगडी घालू गराग‌रा,
पुतळीला मागनं कुनी धरा!"

हातात हात गुंफले, पाय पायाला लागले, आणि दोघी फिरल्या. पहिले काही वेढे हळू. मग वेग आला. पुतळाबाईला वाटलं होतं, दुष्काळानं खंगलेली जाई दमेल. पण इतक्या वर्षांचं दाबून धरलेलं सगळं बळ त्या पायांत उतरलं होतं. बांगड्या वाजू लागल्या, लुगडी फुगली, धूळ उठली. बाया टाळ्या पिटत ओरडत होत्या, "घुमू द्या! घुमू द्या!" आणि त्या कल्लोळात वेणी तडतडायला लागली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज. खळीचे पापुद्रे सुटले, पांढुरका भुगा उडायला लागला. टोकाला बांधलेला धागा तुटला. एक पेड उलगडला, दुसरा उलगडला, आणि एका गिरकीत सगळे केस सुटले.

बाया दोन पावलं मागं सरल्या. खांद्यावरचे केस वर, त्यांच्याखाली पाठीवरचे, आणि सगळ्यांच्या पलीकडं ते लांब बारीक टोकांचे, एकाबाहेर एक अशी तीन वर्तुळं हवेत फिरत होती. कुठली पायरी तोकडी, कुठली विरळ, कुणाला दिसतच नव्हतं. उन्हात भुगा चमकत होता आणि त्यात तो काळा पिसारा घुमत होता. मदिनाबीच्या हातातलं दिंड हातातच राहिलं.

आधी पुतळाबाईचा पाय निसटला. ती धपकन खाली बसली, आणि जाईबाई चिंचेच्या बुंध्याला धरून उभी राहिली. जग अजून फिरत होतं. कुणीतरी मागून म्हणालं, "खळ लावून आली होती! खळीची येणी मोजायची न्हाई!"

पुतळाबाई उठली. झोकांड्या खात ती जाईबाईच्या मागं गेली. तिनं ती लांब टोकं मुठीत घेतली, हळूच खाली ओढली आणि कमरेपाशी धरली. टोकं लुगड्याच्या गाठीवर आली. सगळा फेर बघत होता.

"खळ उडाली की गं," पुतळाबाई म्हणाली. "आता जे हाय ते हिचंच हाय. टेकली."

मग जे ओरडणं झालं ते खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. त्या दिवशी जाईबाईनं वाडीतल्या एकेकीबरोबर फुगडी घातली. झोक्यावर चढली ती उतरेचना.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकेकाईनं डोकं धुऊन, उरलीसुरली खळ काढून, जाईबाई उंबऱ्यावर येऊन बसली.

"आत्याबाई, कातर आना," ती म्हणाली. "मधल्या पायरीवर कापा. सरळ."

मदिनाबी निघायच्या तयारीत होती, तिनं पाटी खाली ठेवली. "येड लागलंय का? काल समद्या वाडीनं डोळे भरून बघितलं, आन् आज कापतीस?"

धुरपताबाईनं कातर आणली, पण तिचाही हात उचलेना. "जाये, काल म्याच कापा म्हनत होते. पर काल ते बघितल्यापासनं माझंच मन हुईना."

"मावशी, आत्याबाई," जाईबाई हसली, "ती टोकं म्या पुतळीसाठी राखली होती. तिला दावून झाली. आता मला दाट येणी पायजे. रोज सकाळी ताण्यावर वाकलं की ही पातळ टोकं कुंच्यात गुततात. कापा तुमी."

कातर चालली. कर्र, कर्र. टोकं एका रेघेत खाली पडली. जाईबाईनं ती गोळा केली, गुंडाळी करून छपराच्या वळचणीला खोवली आणि दोन्ही हातांनी केस पुढं घेऊन बघितले. तोकडे, पण खालच्या काठाशीही भरगच्च. तिनं ते एकदा मुठीत आवळले, जशी लोकर घेताना आवळून बघतात, आणि समाधानानं मान हलवली.

सोसायटीच्या अंगणातून महालिंगप्पांनी हाक मारली. नवा ताणा बांधून तयार होता. जाईबाईनं कुंचा उचलला आणि केस वाळेपर्यंत मोकळेच ठेवून निघाली. भिजलेले केस पाठीवर काळ्या घोंगडीच्या पट्टीसारखे सपाट पडले होते आणि चालताना एकदम, एकाच वेळी हलत होते. धुरपताबाई मांडीवर कातर घेऊन बघत होती. मदिनाबी पाटी डोक्यावर घेता घेता थांबली होती. आणि पलीकडच्या दारात पुतळाबाई उभी होती, दात घासायची राख हातात तशीच, जाईबाई पत्र्याच्या सावलीत शिरेपर्यंत.